बाभळीखालचा माणूस कोण?

शांत्या,

तुझ्या शवपेटीभोवती सगळे रडत होते आणि मी तुझ्या पापण्यांकडे बघत होतो. तुझा भरवसाच नव्हता. शाळेच्या गॅदरिंगला तू मेलेला मावळा झाला होतास आणि मी सरदार. तुझं डोकं मांडीवर घेऊन मला लांबलचक भाषण करायचं होतं. मी गळा काढला, बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या आणि ऐन रंगात तू एक डोळा उघडून म्हणालास, "आटप की रे दत्त्या, पाठीत खडा रुततोय." पुढचं भाषण मला आजतागायत आठवलेलं नाही.

परवा पाळकसाहेबांची प्रार्थना चालू होती, मार्थावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि मी मात्र वाट बघत होतो, आता हा डोळा उघडणार. नाही उघडलास. तरी माती टाकताना मी मूठ जरा वेळ धरून ठेवली. न जाणो.

संशय घेणं हा माझा स्वभाव, असं तू म्हणायचास. खोटं. बाकी जगावर मी पटकन विश्वास ठेवतो. बैलांच्या शर्यतीपासून लग्नाच्या वरातीपर्यंत गावातल्या प्रत्येक गोष्टीचं माईकवरून वर्णन करणारा माणूस मी, मला लोक सांगतील ते खरं वाटतं. संशय फक्त तुझा. आणि त्याला कारणं होती.

पहिलं कारण म्हणजे तुझा खेळ. शाळेत तू कबड्डी खेळायचास तोवर ठीक होतं. फौजेत गेलास आणि सुट्टीवर आलास तो पपईच्या आकाराचा चेंडू काखेत मारूनच. म्हणे रग्बी. पुढं पळायचं आणि चेंडू मात्र हातानं मागंच द्यायचा! मी म्हणालो, "ज्याला पुढं जायचंय तो मागं कशाला देईल?" तू म्हणालास, "मागचा आपलाच असतो म्हनून." उत्तर चांगलं होतं, पण फार पटकन आलं. तयार उत्तर असणाऱ्या माणसावर मी नजर ठेवतो.

मग एके दिवशी कळलं, तू भारताकडून खेळलास. गावात पेढे वाटले. कुठं खेळलास, कुणाशी खेळलास, टीव्हीवर काही नाही. राहात्याच्या बाजारात लोक मला विचारायचे, "तुमचा तो गायकवाड खरंच देशाकडून खेळतो का?" मी ठणकावून हो म्हणायचो आणि घरी येताना विचारात पडायचो.

काही वर्षांनी तू कायमचा परत आलास. खांदा उतरलेला, कान पैलवानासारखे सुजून घट्ट झालेले, डोळ्यांवर काळा गॉगल. गॉगल सावलीतही काढत नव्हतास. मोटारसायकल चालवणं सोडलंस. शेजारच्या गावालाही वहिनींच्या स्कूटीवर मागं बसून जायचास. लोक म्हणाले, हिरो झालाय. शाळेतला दत्त्या मी, त्या मला तू "ए माईक" म्हणून हाक मारायला लागलास. मी म्हणालो, फौजी लाड असतील.

आणि ती जर्सी! ओट्यावरच्या भिंतीला तू एक लाल जर्सी काचेत लावून ठेवलीस. छातीवर कुणालाच वाचता न येणारी परदेशी अक्षरं. मी विचारलं, "शांत्या, तू भारताकडून खेळलास ना? मग ही कुणाची?" तू म्हणालास, "मॅच झाल्यावर समोरच्याबरोबर बदलायची पद्धत हाय. माझी त्याच्याकडं, त्याची माझ्याकडं." म्हणजे पुरावा परदेशात आणि इथं उलटाच पुरावा! आता तूच सांग, माझ्या जागी देवमाणूस असता तरी त्याला संशय आला नसता का?

मी गोष्टी सांगून पोट भरणारा माणूस. मला त्या शेवटच्या मॅचची गोष्ट हवी होती. बाकीच्या मॅचेस तू सरळ सांगायचास, कोण कुठं पडलं, कुणी कुणाला शिवी दिली, सगळं. पण ती, शेवटची, जर्सीवाली? एकदा म्हणालास, पाऊस असा की चेंडू साबणासारखा निसटत होता. पुढच्या दिवाळीत म्हणालास, धूळ इतकी की समोरचा दिसेना. मी तिथंच धरलं.

"पावसात धूळ?"

"तिकडची धूळ येगळी असती."

"आणि जिंकलात की हरलात?"

"माईक, चहा थंड होतोय."

मी चहा प्यायलो, पण मनात गाठ मारून ठेवली. खरोखर खेळलेला माणूस पाऊस विसरत नाही.

तरीही तू मुलींची टीम काढलीस तेव्हा पहिला पाठिंबा माझा. शाळेमागच्या मैदानावर तू युरियाच्या गोण्यांत उसाचं पाचट ठासून भरलंस आणि मुलींना म्हणालास, धडका. येणारे-जाणारे थांबून बघायचे. कुणी म्हणायचं, "सर, पोरींचं लग्न करायचंय आमाला, कुस्तीचा फड न्हाई लावायचा." तू टोपी काढून हसायचास. मी कडेच्या बाभळीखाली खुर्ची टाकून बसायचो आणि माईक नसला तरी समालोचन करायचो. मला वाटायचं, तू मला टीमचा माणूस समजतोस.

तुझी एक पद्धत मला तेव्हा मजेची वाटायची. एखादी मुलगी पडली, डोक्याला काही लागलं, की तू शिट्टी वाजवून पळत जायचास. गुडघ्यावर बसून तिच्या डोळ्यांत बघायचास आणि विचारायचास, "आपन कुनाशी खेळतोय? शेवटचा गुन कुनी केला?" आणि मग माझ्याकडं बोट, नजर मात्र तिच्या ओठांवर, "त्यो बाभळीखालचा मानूस कोन?" मुलगी म्हणायची, "दत्तूकाका." मी उठून कमरेत वाकून मुजरा करायचो, तू हात हलवायचास. सगळ्या हसायच्या. मुलगी परत खेळायला. एखादी अडखळली, तर दिवसभर बाहेर. रडली तरी बाहेर, तिचा बाप आला तरी बाहेर. मला वाटायचं, माझी थट्टा करायला तुला निमित्त हवं असतं.

आता सोनालीकडं येतो. तिथंच आपलं भांडण अर्धवट राहिलंय.

टेम्पोवाल्या काळ्यांची सोनाली तुझी सगळ्यात तेज पोरगी. गेल्या हिवाळ्यात नगरला फायनल होती, समोर पुण्याची टीम. निवड समितीची माणसं मांडवात बसलेली, सोनालीकडंच बघत होती. आपण पुढं होतो. माईक माझ्या हातात, म्हणजे माझं सुख तुला सांगायला नको. शेवट जवळ आला असताना ती माझ्या टेबलासमोरच पडली, उठली आणि हसली. तू धावत आलास. नेहमीचे प्रश्न. मग माझ्याकडं बोट.

"त्यो माईकवर बडबडतोय त्यो कोन?"

ती म्हणाली, "आमदार हायेत."

अरे, मी काय खूष झालो! मी माईकवरून सगळ्या मैदानाला सांगितलं, "लोकहो, सोनालीताईंनी मला निवडून दिलं!" हशा झाला. तीही हसली. एकटा तू हसला नाहीस. तिचा दंड धरून तिला बाहेर काढलंस. ती ओरडली, हात झटकला, तू सोडलं नाहीस. आपण हरलो. समितीनं दुसरीच मुलगी निवडली.

आणि मग काय केलंस? समोरच्या टीमच्या कोचला, त्या दाढीवाल्याला, कडकडून मिठी मारलीस. तो तुझा जुना जोडीदार निघाला! वर तुझ्या बागेतल्या पेरूची पाटी उघडलीस. मॅचनंतर दोन्ही टीमनी एकत्र खायचं हा तुझा नेम होताच, पण त्या दिवशी रडणाऱ्या आपल्या मुलींनी तिखटमीठ लावून जिंकणाऱ्यांना पेरू वाढले. सोनालीनं त्यांच्या कॅप्टनच्या हातात पेरू दिला तेव्हा तिचे डोळे कुठंतरी भलतीकडंच होते. मला वाटलं, राग.

परतीच्या टेम्पोत कुणी बोललं नाही. गावात मात्र सगळे बोलले. मॅच विकली. दोस्तासाठी हरला. पोरगी आपल्यापुढं जाईल म्हणून तिचे पाय कापले. मी तुझ्या ओट्यावर, त्या लाल जर्सीखाली उभा राहून विचारलं, "शांत्या, तिला का काढलंस?"

तू म्हणालास, "तिनं चुकीचं उत्तर दिलं."

"अरे, मस्करी होती ती!"

"माईक, चहा घे."

मी घेतला नाही. आपल्या इतक्या वर्षांत तुझ्या घरचा चहा मी तेवढा एकदाच नाकारला. सोनाली मैदानावर यायची बंद झाली. तिला एकच जाणून घ्यायचं होतं, सरांनी माझं वाटोळं का केलं. तू तिच्या दारात गेलास, तिनं दार लावलं. आणि मग तू सकाळी पेरूच्या बागेत पाणी सोडायला गेलास आणि बांधावर बसल्या जागीच संपलास. हे बरोबर नाही केलंस. भांडण अर्ध्यावर सोडून जाणं हे आपल्यात ठरलेलं नव्हतं.

दफनाला तो दाढीवाला आला. जोसेफ. सोनालीही आली होती, पण फाटकाच्या बाहेर उभी राहिली. सगळं आटोपल्यावर मी जोसेफला तुझ्या बागेत नेलं. झाडाखाली उभा केला आणि पोलिसासारखं विचारलं, "खरं सांगा, शांतवन भारताकडून खेळला का? ती शेवटची मॅच झाली का? पाऊस होता की धूळ?"

तो म्हणाला, "त्याने तुम्हाला सांगितलं नाही? दत्तूभाऊ, त्याला ती मॅच आठवतच नव्हती."

"आठवत नव्हती म्हणजे?"

"दुसऱ्या हाफला एकाचा गुडघा त्याच्या डोक्यात बसला. उठला, हसला, पळायला लागला. मी शेजारी होतो. मला म्हणाला, जोसेफ, कुठल्या बाजूला पळायचंय? मी हात करून दाखवलं. आम्हाला तो पाहिजे होता ना. त्यानंतर अजून दोनदा मार खाल्ला त्याने. जर्सी त्यानेच बदलली, समोरच्याला मिठी मारून. आणि बसमध्ये मला विचारतो, ही लाल जर्सी कुणाची? आपण जिंकलो का? मी सांगायचो, तो परत विचारायचा. रडू येत होतं मला."

"आणि पाऊस?"

"पाऊस मी सांगितला असेल त्याला. मॅचला पाऊसच होता. धूळ आदल्या दिवशीची, सरावाची, ते दुसऱ्या कुणी सांगितलं असेल. तो सगळ्यांना विचारत फिरायचा, बाबा, मी काय काय केलं?"

शांत्या, गॉगल, मोटारसायकल, पाऊस, धूळ, सगळं एका ओळीत येऊन माझ्यासमोर उभं राहिलं. मी वहिनींकडं गेलो. त्या म्हणाल्या, "भावजी, उजेड सोसायचा न्हाई त्यांना. डोकं धरून बसायचे. काही दिवशी पाळकसाहेबांचं नाव आठवायचं न्हाई. मी म्हनायचे, लोकांना सांगा. तर म्हनायचे, गावात कळलं तर एक बाप पोरगी मैदानात पाठवनार न्हाई."

इथं माझं तुझ्याशी भांडण आहे, आणि तू नाहीस म्हणून मी ते सोडणार नाही. मुलींना प्रश्न विचारलेस, ते का विचारतोस हे सांगितलं नाहीस. संशय अंगावर घेतलास, सोनालीचा राग अंगावर घेतलास, आणि वर चहा घे म्हणालास! मी काय तुझा परका होतो? माझ्या पोटात काही राहत नाही, हे खरं आहे. पण तरी.

आणि जाता जाता मला केवढ्या पेचात टाकलंस बघ. शाळेनं शोकसभा ठेवली, माईक माझ्याकडं. खरं सांगावं तर तुझं नाव धुऊन निघतं, पण आईबाप मुली काढून घेणार आणि तुझी टीम बुडणार. गप्प बसावं तर टीम राहते आणि तू मॅच विकणारा म्हणून राहतोस. उभ्या आयुष्यात माईक मला पहिल्यांदाच जड वाटला.

सभेआधी मी काळ्यांच्या अंगणात गेलो. सोनाली टेम्पो धूत होती.

"काका, सरांचं नाव काढू नका."

"नाही काढत. तू फक्त सांग, त्या दिवशी शेवटी काय झालं?"

"काय व्हायचंय? मी पडले, उठले, सरांनी हाताला धरून भायेर काढलं."

"काही विचारलं तुला?"

"काय बी न्हाई! इचारलं असतं तर सांगितलं नसतं का मी?"

हा सूर माझ्या ओळखीचा होता, तुझ्या त्या वेगळ्या धुळीचा. मी म्हणालो, "मी कोण, असं विचारलं त्यानं. तू म्हणालीस, आमदार."

"मी? कवा?"

"मी माईकवरून सांगितलं की. सगळे हसले. तूही."

तिच्या हातातल्या पाइपचं पाणी तिच्याच पायावर पडत होतं.

"बरं, पुण्याच्या कॅप्टनला पेरू देताना काय म्हणालीस?"

"कुठला पेरू, काका?"

मग मी तिला सगळं सांगितलं, तुझी मॅच, जर्सी, जोसेफ. पाइप टाकून ती चाकाशेजारी उकिडवी बसली. मग म्हणाली, "मला वाटायचं मला सगळं आठवतंय. पोरींनी सांगितलेलंच मी माझं म्हनून धरलं व्हतं." आणि थोड्या वेळानं, "माझ्या दारात आले व्हते ना सर? मी दार लावलं."

मी काही बोललो नाही. बघ, मलाही जमतं.

सभेत मी तुझं गुणगान सुरू केलं, आवाज लावला, हात फिरवला, सगळं नेहमीसारखं. तेवढ्यात सोनाली आली आणि माझ्या हातातून माईक काढून घेतला. असं आजवर कुणी केलेलं नाही. तिनं उभ्याउभ्या सांगून टाकलं. सरांना काय झालं होतं, तिला काय झालं होतं, सगळं. भाषण नव्हतंच ते.

मागून एक बाप उठला. "म्हंजी ह्यो खेळ डोक्याला धोक्याचा हाय, आसंच ना?"

"हाय," ती म्हणाली. "म्हनूनच सर भायेर काढायचे. जो भायेर काढनार न्हाई त्याच्याकडं पोरगी पाठवू नका. मी काढनार हाय."

कुणी टाळी वाजवली नाही. लोक पुटपुटत उठले. मला वाटलं, बुडाली टीम.

आज सकाळी मी मैदानावर गेलो. संशय होताच, म्हणून खुर्ची न नेता गेलो, कुणी नसेल तर फिरायला आलो म्हणता येईल. मुली होत्या. पूर्वीइतक्या नाहीत. काही जणींच्या बापांनी ठेवून घेतल्या, ते तुझं भाकीत खरं ठरलं. पण ज्या आल्या त्या पाचटाच्या गोण्यांवर नेहमीसारख्याच तुटून पडत होत्या. आणि तो सभेतला बाप कडेला उभा होता, हाताची घडी घालून, माझ्याहून संशयी चेहरा करून. त्याची पोरगी खेळत होती.

तीच पडली. डोकं दुसरीच्या खांद्याला लागलं. सोनालीनं तुझी शिट्टी वाजवली, पळत गेली, गुडघ्यावर बसली, अगदी तुझ्यासारखी. दोन प्रश्न विचारले आणि बोट माझ्याकडं केलं.

"त्यो बाभळीखालचा मानूस कोन?"

शांत्या, मी मुजरा करायला उठलोच नाही. श्वास रोखून त्या पोरीच्या ओठांकडं बघत राहिलो. तिचा बापही बघत होता. ती तोंड वाकडं करून म्हणाली, "दत्तूकाका. आन आज बोलत का न्हाईत?"

बाप हसला. मी मात्र उभाच राहिलो, कारण त्याच क्षणी मला माझा शेवटचा संशय आला आणि तो काही केल्या जात नाही. तू असाच गुडघ्यावर बसायचास, माझ्याकडं बोट करायचास आणि मुलीच्या ओठांकडं इतकं टक लावून बघायचास. परत आल्यापासून एकदाही दत्त्या म्हणाला नाहीस. ए माईक. मला सांग, त्यातल्या काही सकाळी तुलाही उत्तर माहीत नसायचं ना? तिच्या तोंडून ऐकायचास, आणि मग माझ्याकडं बघून हात हलवायचास.

असेल तर असू दे. मी रोज तिथंच बसणार आहे. आणि तुला तिकडं कुणी विचारलं, तर अडखळू नकोस म्हणून सांगून ठेवतो. बाभळीखालचा माणूस दत्त्या आहे.